शिट्टी वाजण्याआधीच लागलेला निकाल

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन. एक ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराखाली. दुसरा डोंबिवलीत, कल्याण-शिळ रस्त्याला लागून. दोन्हीकडे बघता बघता टॉवर उठले, दोन्हीकडे संध्याकाळी वाहनं खोळंबतात. मेट्रोच्या आराखड्यात एकाला मेट्रो ४ चं स्थानक मिळालं, दुसऱ्याला मेट्रो १२ चं. आणि दोन्हीकडच्या पोरांना फुटबॉल खेळायची हुक्की आली की पहिला प्रश्न एकच पडतो: कॉन्ट्री किती निघेल?

कारण खेळायचं तर टर्फ घ्यावा लागतो. जाळीच्या आतलं कृत्रिम गवत, वर फ्लडलाइट, तासाला हजार-बाराशे रुपये. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी त्याहून जास्त. दहा जण जमले तर डोक्यावर शंभर-सव्वाशे. एखाद्या दिवशी मजा म्हणून ठीक आहे. पण संघ म्हणून तयारी करायची असेल तर आठवड्यातून निदान चार दिवस सराव हवा. तासाला हजार धरले तरी महिन्याचे सोळा हजार होतात. नोकरदाराच्या घरात यावर चर्चा होते. रिक्षावाल्याच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या घरात चर्चासुद्धा होत नाही. पोरगं खाली पार्किंगमध्ये चेंडू मारतं आणि वॉचमनची शिवी खातं.

कॉलेज फुटबॉलमधली विषमता इथून सुरू होते. सामन्याच्या दिवशी ती फक्त फलकावर दिसते.

चोवीस फुटांचा गोल

पैसे भरून टर्फ घेतलेल्यांचंही पुरतं भागत नाही, हे पालकांनी नीट समजून घ्यावं. अकरा जणांचं प्रमाणित मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. आपल्याकडचा नेहमीचा टर्फ शंभर-सव्वाशे फुटांचा. तिथं पाच-सहा जणांचा खेळ होतो, तोही ऑफसाइडशिवाय. लांब पास द्यायला जागा नाही. बगलेतून धावत जाऊन क्रॉस टाकायचा तर चार पावलांत जाळी येते.

सगळ्यात हाल गोलकीपरचे. टर्फवरचा गोल दोन्ही हात पसरले की निम्मा झाकतो. कॉलेजच्या सामन्यात तोच मुलगा ८ फूट उंच आणि २४ फूट रुंद गोलसमोर उभा राहतो. कुठल्या खांबापासून किती पावलं सरकायचं, पुढे कधी यायचं, उंच चेंडू हवेत कुठे पकडायचा, हे त्यानं कधी केलेलंच नसतं. पहिला गोल त्याच्या डोक्यावरून जातो, दुसरा लांबच्या खांबाला लागून आत. मग बाकावरून ओरडा होतो, ‘अरे, झोपलास का?’ तो झोपलेला नसतो. एवढा मोठा गोल त्याला मिळालाय तोच आज सकाळी, सामन्यात.

समोरच्या संघाला स्वतःचं मैदान आहे, पगारी कोच आहे, दोन जोड जर्सी आहेत, सामन्याआधी फिजिओ पायाला टेप लावून देतो. सात-शून्य असा निकाल लागतो आणि बातमीत ‘एकतर्फी विजय’ असं छापून येतं. तो विजय एकतर्फी झाला तो गेल्या दोन वर्षांच्या सरावात. त्या दोन वर्षांची बातमी कुणी देत नाही.

मोज्यातला पुठ्ठा

सामन्याआधी रेफरी रांगेतल्या खेळाडूंचं साहित्य तपासतो. फुटबॉलच्या नियमावलीतला चौथा नियम त्याबद्दलच आहे: जर्सी, शॉर्ट, मोजे, शिनपॅड, बूट. शिनपॅड नसेल तर मैदानात पाऊल नाही. नियम योग्यच आहे, नडगीवर लाथ बसली की पोरगं महिनाभर घरी बसतं. पण आपल्याकडे मोज्यात पुठ्ठा खुपसून त्या रांगेत उभी राहणारी मुलं आहेत. बदली खेळाडू आत जाताना बाहेर येणाऱ्याचेच बूट पायात चढवतो. नंबर मोठा असेल तर पुढे कागदाचा बोळा कोंबतो.

यात जाण्या-येण्याचा खर्च मिळवा. सकाळचा सामना दक्षिण मुंबईत असेल तर डोंबिवलीच्या मानपाड्यातल्या मुलाला आधी शेअर रिक्षा, मग डोंबिवली स्टेशन, मग अंधारातली लोकल. पोटात चहा-बिस्किट. एवढा प्रवास करून आलेला आणि हॉस्टेलवरून चालत आलेला, दोघं एकाच शिट्टीला धावायला लागतात. नव्वद मिनिटं सारखी, चेंडू एकच, रेफरी एकच. या सारखेपणाकडे बोट दाखवून स्पर्धा निकोप असल्याचं प्रमाणपत्र आपण देऊन टाकतो. नव्वद मिनिटांच्या आधी काय काय झालं, ते विचारत नाही.

प्रमाणपत्राची किंमत

‘खेळच तर आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं,’ असं म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राचे शासन निर्णय वाचावेत. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. कॉलेज प्रवेशात खेळाडूंच्या जागा असतात. ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयापासून सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. या प्रमाणपत्राला इतकी किंमत आली की बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यभर गाजली.

हे आरक्षण असावंच. मैदानावर घालवलेल्या वर्षांचं मोल समाजानं केलंच पाहिजे. पण मग त्या प्रमाणपत्रापर्यंतची वाट सगळ्यांना खुली आहे का, हेही बघावं लागेल. फुटबॉल सांघिक खेळ आहे. बेताचा खेळाडू बलाढ्य कॉलेजात असेल तर संघ पुढे जातो आणि त्याच्या हातात कागद पडतो. अस्सल खेळाडू कंगाल कॉलेजात असेल तर पहिल्या फेरीत घरी. म्हणून बारावीला चमकलेला मुलगा पदवीसाठी नावाजलेल्या कॉलेजकडे धाव घेतो, आणि त्याला दोष देता येत नाही. त्याच्या मागे राहिलेले दहा जण आणखी दुबळे होतात, एवढंच. ज्याच्या घरात पैसा आहे त्याला मैदान, मैदान आहे त्याला प्रमाणपत्र, प्रमाणपत्र आहे त्याला नोकरी. खेळाडूंसाठी राखून ठेवलेली संधीसुद्धा या साखळीतून पुढच्यांच्याच हाती जाते.

मुलींचं तर आणखी अवघड. संध्याकाळी सहानंतरचा स्लॉट, घरी परतायची चिंता, अकरा जणी जमवताना क्रीडाशिक्षकांच्या नाकीनऊ. संघ उतरवला हीच तिथं मोठी मजल ठरते.

अमेरिकेत काय झालं

हीच विषमता अमेरिकेत मोठ्या आकड्यांत दिसते. तिथला कॉलेज फुटबॉल म्हणजे त्यांचा तो अंडाकृती चेंडूचा खेळ. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची आसनसंख्या आहे १,०७,६०१. तिथल्या अनेक राज्यांत सरकारी पगार घेणाऱ्यांत सर्वांत वरचा माणूस विद्यापीठाचा कोच असतो, गव्हर्नर त्याच्या खूप खाली. खेळाडूंना मात्र कित्येक दशकं शिष्यवृत्तीपलीकडे छदाम मिळत नव्हता. जुलै २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले. ६ जून २०२५ ला खेळाडूंनी लढवलेल्या ‘हाऊस’ खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयानं मंजुरी दिली आणि विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी मर्यादा विद्यापीठामागे २ कोटी ५ लाख डॉलर.

घाम गाळणाऱ्याला पैसे मिळाले, हा न्यायच झाला. पण कमाल मर्यादा ठरली, किमान ठरली नाही. ज्यांच्या तिजोरीत तेवढे पैसे आहेत ते मर्यादेपर्यंत जाणार, बाकीचे आपल्या चांगल्या खेळाडूंना निरोप देणार. पैशाच्या आणि प्रतिष्ठेच्या उतरंडीत खालच्या विद्यापीठाला जिंकूनही जागा मिळत नाही, हे तर त्याआधीच दिसलं होतं. २०१७ च्या हंगामात सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ एकही सामना हरला नाही. तरी राष्ट्रीय विजेतेपदाच्या चार संघांत त्याला घेतलं नाही. त्यांचा विद्यापीठगट छोटा, प्रतिस्पर्धी दुबळे, हे कारण.

त्याच देशातली व्यावसायिक लीग, एनएफएल, बघा. १९३६ पासून तिथं ड्राफ्ट आहे: आदल्या हंगामात तळाला गेलेल्या संघाला नव्या खेळाडूंतून पहिली निवड. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा. आधीच ठरलेला निकाल बघायला कुणी येत नाही, हे नफ्यासाठी चालणाऱ्या लीगला उमजलं. शिक्षणाचं नाव घेणाऱ्या संस्थांना उमजलं नाही. आपल्या विद्यापीठांनी यातलं कुठलं उदाहरण उचलायचं, ते आत्ताच ठरवावं.

ऐजॉलनं जिंकून काय मिळवलं

आपल्याकडचा दाखला फार जुना नाही. २०१६ मध्ये गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या संघांनी देशाच्या तेव्हाच्या अव्वल फुटबॉल लीगमधून, आय-लीगमधून, अंग काढून घेतलं. पैशाच्या बळावर उभी राहिलेली इंडियन सुपर लीग (आयएसएल) देशाची अव्वल लीग होणार आणि आपण वर्षानुवर्षं उभे केलेले क्लब दुय्यम ठरणार, याचा तो निषेध होता. धेंपो पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला क्लब. त्या रिकाम्या जागेमुळे खालच्या श्रेणीत गेलेल्या मिझोरमच्या ऐजॉल एफसीला परत बोलावलं. कोच होते मुंबईचे खालिद जमील. बेताच्या पैशात, बहुतांश स्थानिक पोरांच्या जोरावर ऐजॉलनं २०१७ ची आय-लीग जिंकली. ईशान्येकडचा तो पहिला राष्ट्रीय विजेता.

बक्षीस काय? त्याच वर्षी आयएसएलमध्ये दोन नवे संघ आले, बोली लावून. विजेत्या ऐजॉलला आत जायला दारच नव्हतं. खेळून वर जाण्याची वाट उघडली २०२३ मध्ये, पंजाबच्या संघासाठी. खालिद जमील २०२५ मध्ये भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले, म्हणजे गुणवत्ता होती आणि तिला वर यायला आठ वर्षं लागली. मुंबईचं तर काय सांगावं. १८९१ पासूनचा रोव्हर्स कप थांबला. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये गुंडाळला. कंपन्यांचे संघ होते तेव्हा चांगला खेळणाऱ्या गरिबाच्या पोराला नोकरी लागायची. तो रस्ता अरुंद झाला. आता कॉलेजचं मैदान ही त्याची जवळपास शेवटची पायरी उरलीय, आणि तिथंही पैसे मोजायला लावले तर तो जाणार कुठे?

चेंडू दिले, जमीन?

१५ सप्टेंबर २०१७ ला राज्य सरकारनं ‘मिशन वन मिलियन’ राबवलं. शाळाशाळांत चेंडू वाटले, एका दिवशी लाखो मुलं खेळली. पुढच्या महिन्यात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला. २०२२ मध्ये त्याच मैदानावर मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. डोंबिवलीच्या मानपाड्याहून शिळफाटा ओलांडला की नेरूळ काही दूर नाही. विश्वचषक शेजारी येऊन गेले. पोरांना चेंडू मिळाले. मैदान कुठाय?

मैदान कागदावर असतं. प्रत्येक विकास आराखड्यात खेळाच्या मैदानांची आरक्षणं दाखवलेली असतात. पण १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात कलम १२७ आहे. दहा वर्षांत पालिकेनं ती जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उडतं. म्हणजे मैदान नाहीसं करायला कुणी काही वाईट करावंच लागत नाही. पालिकेनं हातावर हात ठेवून बसणं पुरतं. मालकाचा दोष नाही. त्याची जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? दोष आहे तो पैसे नाहीत म्हणून फाइल पुढे न सरकवणाऱ्यांचा. डोंबिवलीच्या बाजूची २७ गावं २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवली पालिकेत आली, तेव्हापासून तिथं इमारती किती उठल्या आणि मैदानं किती ताब्यात आली, याचा हिशेब पालिकेनं शेजारी शेजारी मांडावा.

ठाण्याच्या बाजूला वेगळीच तऱ्हा. पालिकेचं मैदान हाताशी नाही म्हणून मागणी टर्फकडे वळली आणि टर्फ थेट येऊरच्या जंगलाला भिडले. बेकायदा टर्फचा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला, मग हातोडा पडला. तो पडायलाच हवा होता. पण पोरांनी खेळायचं कुठे, याचं उत्तर हातोड्यानं मिळत नाही.

एका प्राध्यापकानं केलं ते

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिकवणाऱ्या विजय बारसे यांनी २००१ मध्ये भर पावसात वस्तीतली पोरं एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. त्यांनी वस्त्यांची स्पर्धा भरवली. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभी राहिली आणि तिथली मुलं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोचली. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा ‘झुंड’ हा सिनेमा बारसे यांच्यावरच बेतलेला. त्या सिनेमात वस्ती आणि कॉलेज यांच्यामध्ये एक भिंत आहे. ती भिंत मानपाड्यातही आहे, फक्त इथं तिला ताशी दर लावलाय.

सरकारी पैसा नेमका वापरला तर काय होतं, याचंही उदाहरण घरातच आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा रिक्षाचालकाचा मुलगा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहून शिकला, खेळला आणि २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून उतरला. राहणं, खाणं, मैदान आणि कोच एवढं मिळालं. बापाची कमाई आड आली नाही. अशी मुलं मानपाड्यात नाहीत, असं कोण छातीठोक सांगेल?

आता मागणी

श्रीमंत कॉलेजांनी खर्च करू नये, असं माझं म्हणणं मुळीच नाही. त्यांचं मैदान उखडून कुणाचं भलं होणार नाही. म्हणणं इतकंच की तळाच्या संघाला किमान काय मिळालंच पाहिजे, ते ठरवा आणि द्या.

मुंबई विद्यापीठाला: २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं तुमच्याकडे क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ आहे. त्या मंडळानं ठरवावं की स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक संघाला शिनपॅड, बूट, प्रवासखर्च आणि सामन्याच्या दिवशीचं जेवण मिळेल. कॉलेजला झेपत नसेल तिथं मध्यवर्ती निधीतून. आणि मैदान असलेल्या कॉलेजांनी मैदान नसलेल्या शेजारच्या कॉलेजाला आठवड्यातून ठरावीक सकाळी ते द्यावं, हे संलग्नतेच्या अटींत घालावं.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या आयुक्तांना: खेळाच्या मैदानांची सगळी आरक्षणं, कुठल्या वर्षी पडली आणि दहा वर्षं कधी भरतात, त्या तारखांसह जाहीर करा. पालिकेच्या मैदानांवर हंगामात लग्नं, प्रदर्शनं, सभा बंद करा. पालिकेच्या जमिनीवरच्या प्रत्येक टर्फनं रोज दोन तास परिसरातल्या शाळा-कॉलेजांना मोफत द्यावेत, मुलींचा स्लॉट उजेडातला असावा, हे करारातच लिहा.

आणि पालकांनो, तुम्हाला. कॉलेज प्रवेशाची पावती घरात कुठेतरी असेल, ती काढा. त्यावर ‘जिमखाना शुल्क’ अशी एक ओळ सापडेल. खेळणाऱ्यानं भरलंय, न खेळणाऱ्यानं भरलंय, कर्ज काढून फी देणाऱ्यानंही भरलंय. एका मुलाचे पैसे थोडे असतात, पण हजारो मुलांचे मिळून संघाचे बूट आणि मैदानाचं भाडं सहज निघतं. ती पावती घेऊन कार्यालयात जा आणि विचारा की गेल्या वर्षी हे पैसे किती जमले, कशावर खर्च झाले आणि फुटबॉल संघाच्या वाट्याला काय आलं. तोंडी उत्तर घेऊ नका. लेखी मागा, नाही दिलं तर अनुदानित कॉलेजात माहितीचा अधिकार आहे. चार पालक एकत्र गेले तर पुढच्या हंगामात एकाही मुलाच्या मोज्यात पुठ्ठा राहणार नाही, कारण त्याचे शिनपॅड तुम्ही आधीच विकत घेतलेले आहेत.